एका घराची दोन घरे

इटलीतील कामगारांचा समाजवादी पक्ष १८९२ साली जिनोआ शहरात जन्मला. जानेवारी १९२१ मध्ये लिव्होर्नो येथील नाट्यगृहात त्याचे अधिवेशन भरले. संसदेच्या मार्गाने सुधारणा करू म्हणणाऱ्यांना पक्षातून काढा, अशी मॉस्कोची अट होती. सुमारे ९८ हजार मते त्याविरुद्ध एकीच्या ठरावाला पडली, ५८ हजार क्रांतिवाद्यांना. तेव्हा बोर्दिगा, ग्रामची आदी मंडळी उठली आणि दुसऱ्या नाट्यगृहात जाऊन त्यांनी कम्युनिस्ट पक्ष काढला. बाहेर फॅसिस्टांच्या टोळ्या कामगारांची कार्यालये जाळत होत्या! त्यांचा पुढारी मुसोलिनी, तोही एके काळी समाजवाद्यांच्याच दैनिकाचा संपादक.

आम्हाला सर्वांत बोचतो तो ऑक्टोबर १९२२. त्या महिन्याच्या आरंभी समाजवादी पुन्हा फुटले आणि अखेरीस मुसोलिनी सत्तेवर बसला. फुटीचे दुःख आमच्या वाचकांना काय सांगावे?

१९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा खून झाला, १९२६ मध्ये कम्युनिस्ट ग्रामची तुरुंगात गेले. दोन्ही पक्षांचा एकजुटीचा करार व्हायला १९३४ उजाडले. १९४८ ची निवडणूक त्यांनी मिळून लढवली, ती हरले. १९५६ मध्ये हंगेरीत रशियन रणगाडे घुसले आणि पुन्हा वाटा वेगळ्या झाल्या. कम्युनिस्ट पक्ष १९९१ मध्ये विसर्जित झाला, लाचखोरीच्या प्रकरणांनी पोखरलेला समाजवादी पक्ष १९९४ मध्ये.