बदललेल्या गाडीचा एग्झॉस्ट शांत करताना

मोठ्या व्यासाचा एग्झॉस्ट बसवला की गाडीला एक भारदस्त आवाज येतो आणि सुरुवातीला तो आवडतोही. मग लांबच्या प्रवासात डोके भणभणू लागते, मागे बसलेल्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. अशा वेळी बहुतेक जण मागचा सायलेन्सरचा डबा तेवढा बदलतात. त्याने काम होतेच असे नाही. आवाज नेमका कोणत्या जातीचा आहे, हे ओळखण्याआधीच सामान विकत घेतलेले असते. इथे आपण उदाहरणासाठी ऑक्टाव्हिया व्हीआरएससारखी दोन लिटरची, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी घेऊ.

आधी आवाज ओळखा. इंजिन थंड असताना टिकटिक किंवा फसफस येत असेल आणि गरम झाल्यावर ती कमी होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. धातू तापून प्रसरण पावतो आणि फट मिटते. एका ठरावीक वेगाला गाडीभर घुमारा भरत असेल, तर त्याला ड्रोन म्हणतात. इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांना पत्रा फाटल्यासारखा कर्कश आवाज येत असेल, तर ते वेगळेच दुखणे. ॲक्सिलरेटर सोडताच फटाके फुटत असतील, तर बहुधा इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, तसा रिमॅप केलेला आहे. हे फटाके कोणताही डबा पुरता दाबू शकत नाही. ज्याने मॅप लिहिला त्याच्याकडून ती सोय बंद करून घ्यावी लागते.

गळतीपासून सुरुवात करा, कारण ती सर्वांत स्वस्तात सुटते. गाडी उघड्या जागेत लावा, बंद गॅरेजमध्ये नको. एग्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, पक्के स्टँड लावा. इंजिन थंड असतानाच सुरू करा आणि एकाला मागच्या तोंडावर जाड फडके क्षणभर दाबून धरायला सांगा. आत दाब वाढला की फटीतून फुसफुस ऐकू येते. सांध्याभोवती काळी काजळी दिसली तर गळतीची जागा तीच. गॅस्केट, वेल्डिंगचे सांधे आणि जाळीदार लवचिक तुकडा, म्हणजे फ्लेक्स पाइप, ही नेहमीची ठिकाणे.

पुढचा प्रश्न कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे विषारी वायू निवळणाऱ्या डब्याचा. ताकद वाढवण्यासाठी तो काढून सरळ पाइप टाकलेला असेल तर आधी तो परत बसवा. त्याची बारीक जाळीही बराच आवाज खाते. तो नसताना मागे कितीही डबे लावले तरी कर्कशपणा पूर्ण जात नाही, आणि धूर नियमांत बसत नाही ते वेगळेच.

आता मफलर. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू. मफलर मुख्यतः दोन तत्त्वांवर चालतात. पहिल्यात भोके पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतू किंवा बसाल्टचे तंतू भरलेले असतात. हा आवाज शोषून घेतो. वायूला जवळजवळ अडथळा नसल्यामुळे परफॉर्मन्स गाड्यांत हाच लोकप्रिय आहे. पण तो उंच पट्टीचा आवाज शोषतो, खालच्या पट्टीचा घुमारा सोडून देतो. दुसऱ्यात कप्पे आणि वळणे असतात. तिथे लहरी परावर्तित होऊन एकमेकींना मारतात. तो घुमारा चांगला आवरतो, पण वायूला अडवतो. कंपनीच्या मूळ डब्यात दोन्हींचा मेळ घातलेला असतो. म्हणूनच ‘महागडा मफलर लावला, तरी घुमारा जात नाही’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तो मफलर वाईट नसतो, त्याचे काम दुसरे असते.

कर्कशपणा असेल तर मधल्या भागात शोषणाऱ्या प्रकारचा रेझोनेटर, म्हणजे छोटा मफलर, वेल्ड करून घ्या. त्याच्या नळीचा आतला व्यास आपल्या पाइपाइतकाच ठेवला तर ताकदीत जाणवण्यासारखी घट होत नाही. आधीचा असा डबा जुना असेल तर आतले तंतू उष्णतेने तुटून उडून गेले असण्याची शक्यता आहे. आवाज हळूहळू वाढत गेल्याने ते लक्षातच येत नाही. डबा उघडता येणारा असेल तर तंतू पुन्हा भरता येतात, मात्र एग्झॉस्टसाठीचेच घ्या. घराच्या छताला वापरतात त्या ग्लासवूलमधला चिकट पदार्थ जळून धूर होतो. भरताना हातमोजे आणि मास्क हवाच.

घुमाऱ्यासाठी उपाय निराळा. आपल्या उदाहरणातली गाडी 2400 फेऱ्यांना घुमते असे समजा. म्हणजे सेकंदाला 40 फेऱ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला 80. हाच घुमाऱ्याचा स्वर, 80 हर्ट्झ. सुमारे 300 अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला अंदाजे 480 मीटर जातो, म्हणून एका लहरीची लांबी 6 मीटर. तिच्या पाव लांबीची, म्हणजे दीड मीटरची, शेवटी बंद असलेली नळी मुख्य पाइपाला फांदीसारखी जोडायची. लहर आत जाऊन परत येते तेव्हा तिने अर्ध्या लहरीचे अंतर कापलेले असते, त्यामुळे ती उलटी होऊन मूळ लहरीला मारते. वायूचा मुख्य मार्ग मोकळाच राहतो. गॅरेजमध्ये या फांदीला जे-पाइप म्हणतात.

गोम अशी की बंद फांदीत वायू वाहत नाही, म्हणून तो बराच थंड असतो. 150 अंशांना ध्वनीचा वेग 410 मीटरच्या आसपास येतो आणि हवी ती लांबी 1.3 मीटरच्या जवळ. त्यामुळे हिशेबाचा आकडा अंतिम मानून नळीचे टोक वेल्ड करू नका. सरकवता येणारे बूच ठेवा, रस्त्यावर गाडी चालवून पाहा, मग पक्के करा. फांदी मागच्या तोंडाजवळ जोडली तर परिणाम फारसा होत नाही, कारण तिथे लहरीचा दाबच कमी असतो. तीन सिलिंडरच्या गाडीत त्याच फेऱ्यांना स्वर 60 हर्ट्झवर उतरतो, म्हणजे नळी आणखी लांब लागते आणि जागा पुरत नाही.

तोंडात बसवायचे ‘डीबी किलर’ बूच टाळा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते वायूचा मार्ग आवळते, सुसाट शिट्टीसारखा आवाज काढते आणि घुमारा बऱ्याचदा तसाच राहतो.

बसवताना रबरी हँगर तपासा. पाइप बॉडीला किंवा मागच्या ॲक्सलला टेकला तर सगळे कंपन थेट केबिनमध्ये येते. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायला सांगा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सला धोका. डबा खाली लोंबू देऊ नका. आपल्याकडचे गतिरोधक तो पहिल्याच दिवशी ठोकतील. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर स्टेनलेस स्टीलच घ्या.

काम झाल्यावर मोजा. उभ्या गाडीची प्रचलित पद्धत अशी: मापक तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात, तोंडाच्याच उंचीवर. मोबाइलमधले ॲप खरा आकडा देत नाही, पण एकाच फोनने, एकाच जागी आधीचे आणि नंतरचे मोजमाप घेतले तर फरक कळतो. 10 डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय तीन महिने लायसन्स जाते. तेव्हा मूळ मफलर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भंगारात देऊ नका, जपून ठेवा.