चेहरा पुढे, माणूस मागून

माळेगाव बुद्रुकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून जर्मनीत नोकरीला लागलेल्या लेकीकडे आईवडील दोन महिने राहायला निघाले, की व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. युरोपच्या सामायिक व्हिसा यंत्रणेत ते 5 वर्षं राहतात. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन देशांच्या सीमेवर दुसरी नोंदही सुरू झाली आहे. कोण कधी आलं, कधी गेलं आणि सोबत चेहऱ्याचं छायाचित्र, हे साधारण 3 वर्षं जपलं जातं.

आता तिसरी गोष्ट येऊ घातली आहे. 8 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपियन आयोगाने डिजिटल प्रवास ओळखपत्राचा प्रस्ताव मांडला. ज्याच्या पासपोर्टमध्ये चिप आहे, त्याने हवं तर निघण्यापूर्वीच मोबाइलवरून आपली माहिती सीमेकडे पाठवावी. भारतातही 2024 पासून टप्प्याटप्प्याने चिपचे ई-पासपोर्ट मिळू लागले आहेत, त्यामुळे ही बाब आपल्याही दारात आली आहे.

चिपमध्ये पासपोर्टच्या पानावरचाच मजकूर आणि चेहरा असतो. त्या मजकुरातून गणिती रीतीने ठरावीक लांबीचा एक आकडा काढतात. एक अक्षर बदललं तरी आकडा पार बदलतो. पासपोर्ट देणारा देश आपल्या गुप्त किल्लीने त्यावर डिजिटल सही करतो. सही तपासायची किल्ली मात्र उघड असते. म्हणून फ्रँकफर्टचा अधिकारी दिल्लीला न विचारता जागच्या जागी खात्री करू शकतो. शिवाय चिप वाटेल त्याला उत्तर देत नाही. पानाच्या तळाशी छापलेल्या दोन ओळी यंत्राने आधी वाचल्या, तरच तिचं कुलूप उघडतं.

डिजिटल ओळखपत्र म्हणजे याच मजकुराची सहीसकट मोबाइलमधली प्रत. बोटांचे ठसे तिच्यात नसतील. पण चिपमध्ये आणखी एक गुप्त किल्ली ठेवता येते, जी कधीच बाहेर येत नाही. तिच्यामुळे बनावट चिप पकडली जाते. मोबाइलमधल्या प्रतीला हे कवच नाही. ती कुणी चोरली, तरी सही खरीच दिसेल. म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावाच लागणार आणि सीमेवर चेहरा जुळवला जाणार. फिनलंडने 2023 मध्ये हेलसिंकी विमानतळावर अशी चाचणी घेतली, तेव्हाही खरा पासपोर्ट सोबत लागत होता.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. सही तपासायला काहीही साठवावं लागत नाही. तपासणी झाली की चेहरा पुसून टाकता येतो. साठवणं हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो, आणि साठवलेलं मूळ कामापुरतं राहत नाही. आश्रय मागणाऱ्यांच्या ठशांसाठी युरोपने 2003 मध्ये युरोडॅक सुरू केलं. 2013 च्या कायद्याने ते पोलिसांनाही गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी खुलं झालं.

ठशांची अशी नोंद आपल्या मुलखाला नवी नाही. 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदवलेल्या जमातींच्या लोकांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला दिला. सोलापूर जिल्ह्यात या जमातींची माणसं सेटलमेंटच्या, म्हणजे सक्तीच्या वसाहतीच्या, तारेआड राहिली. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर पडायचं नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला. या जमातींपैकी पारध्यांच्या वस्त्यांवरचा संशय अजून गेलेला नाही. ज्याची नोंद होई, त्याला तिच्याविरुद्ध तक्रार करता येत असे, पण नाव ठेवायचं की खोडायचं हे जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं.

युरोपच्या कायद्यात नोंद पाहण्याचा, खोडून घेण्याचा हक्क आहे, आणि तो परदेशी माणसालाही आहे. व्हिसा आणि सीमा, दोन्ही यंत्रणांत आपल्याबद्दल काय नोंदलं आहे हे माळेगावचे आईवडील तिथल्या देशाला लेखी विचारू शकतात. चूक असेल तर दुरुस्त करून आणि बेकायदा असेल तर पुसून मागू शकतात. व्हिसाच्या कागदांबरोबर ही माहितीही त्यांच्या हातात मराठीतून पडायला हवी.