पोरांना ओळखू द्या आपली माती



घरातल्या पोराला सहज विचारून पाहा, "आपल्या रानात माती कोणती?" बहुतेक पोरे "काळी" म्हणून मोकळी होतील. पण काळीतही भारी, मध्यम, हलकी असे भेद आहेत आणि बांध ओलांडला की माती बदलते, हे त्यांनी हातात घेऊन पाहिलेले नसते.

कृष्णाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला माती शिकवायला गेलो होतो. प्रत्येकाने आपल्या रानातली ओंजळभर माती आणावी, असा निरोप आधीच दिला होता. व्हरांड्यात पुड्या मांडल्या. नदीकाठची गाळाची, मळ्यातली भारी काळी, माळावरची मुरमाड. गुरुजी राजापूरकडचे, त्यांनी घरून तांबडी जांभी माती आणली होती. लोहामुळे तिला तो रंग येतो आणि कोकणच्या धो-धो पावसात तिच्यातला चुना वाहून जातो, एवढे सांगताच पोरांचे डोळे मोठे झाले.

मग माती भिजवून वळी करायला लावली. भारी काळीची लांब वळी झाली, वाकवून कडेही झाले. पोरींनी लगेच बांगड्या केल्या! मध्यम मातीची वळी वाकवताना मोडली. मुरमाडीची वळीच होईना. मातीत चिकणकण किती, हे असे बोटांना कळते.

नंतर प्लॅस्टिकच्या तीन बाटल्यांचे बूड कापले, तोंडाला फडके बांधले आणि त्या उलट्या टांगल्या. प्रत्येकीत सारखी माती, वर एक-एक पेला पाणी. मुरमाडीतून पाणी लगेच खाली आले. काळीतून थेंब-थेंब, तेही उशिरा. एक पोरगा म्हणाला, "म्हणजे काळीला पाळी लांबवली तरी चालंल!" बंधूंनो, हे त्याला मी सांगितले नव्हते.

एवढ्यात मागची एक मुलगी उठली. तिची पुडी तिने अजून उघडली नव्हती. "साहेब, ही कुठं ठेवू? खालच्या पट्टीतली हाय. हिच्यात काय येतच नाय." मातीवर पांढरा थर होता. वर्ग हसला, ती खाली मान घालून उभी राहिली.

मी ती पुडी सगळ्यांच्या मध्ये ठेवली. म्हटले, ही माती जन्मापासून अशी नाही. उसाला पाटाने वारेमाप पाणी दिले, निचरा झाला नाही, की जमिनीखालची पाणीपातळी वर येते. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. आपल्या भागात हे दुखणे घरोघरी आहे. त्यात लाज कसली?

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. म्हणाले, "सोयरिकीच्या वेळी जमीन विचारत्यात साहेब, म्हणून कुणाला दाखवत नव्हतो. पोरीनं दाखवली." माती तपासली, चर खोदले, पाणी मोजून द्यायला लागले. पट्टी अजून पुरती सुधारलेली नाही. पण यंदा वरच्या कडेला ढैंचा कमरेएवढा झाला आणि तो त्यांनी जमिनीत गाडला.

तेव्हा यंदा पीक निघाले की, खत घालण्याआधी पोराला बरोबर घ्या. एकसारख्या दिसणाऱ्या तुकड्यात दहा-बारा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. सगळी माती मिसळून सावलीत वाळवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. पिशवीत नाव आणि गट नंबरची चिठ्ठी पोरालाच लिहू द्या. खारवट पट्टीचा नमुना वेगळा ठेवा आणि जिप्सम अहवाल पाहूनच टाका. दुकानदार सांगतो म्हणून नको.

अहवाल आला की तोही पोराकडूनच वाचून घ्या. सातबाऱ्यावर उद्या त्याचे किंवा तिचे नाव लागणार आहे. आपल्या हाती काय आले, हे त्यांना आजच कळू द्या.