नदीकाठचा वर्षावास

मी लाओस पाहिलेला नाही. आमच्या घरातला कोणीच माणूस समुद्रापलीकडे गेलेला नाही. आमचे लोक जातात ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऊस तोडायला, दसरा-दिवाळीच्या सुमारास. आणि परत येतात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर. तरीही या लेखाची सुरुवात मला लाओसपासूनच करावी लागते. कारण त्या देशाविषयी वाचता वाचताच मला माझ्या मुलुखाविषयी काही गोष्टी प्रथम समजल्या.

वर्गात प्रत्येकाने आग्नेय आशियातील एका देशावर दहा मिनिटे बोलायचे, असे सरांनी ठरवून दिले होते. ब्रह्मदेश, सयाम, कंबोडिया ही माहितीची नावे इतरांनी आधीच घेतली. माझ्या वाट्याला राहिला लाओस. ग्रंथालयातील पुस्तकात एक चित्र होते. पहाटेची वेळ, रस्त्याच्या कडेला बायका गुडघे टेकून बसलेल्या, मांडीजवळ भाताची टोपली, आणि समोरून भगव्या चीवरातील भिक्षूंची लांबच लांब रांग. कोणी काही बोलत नसावे, असे चित्रावरूनच वाटत होते.

हा देश महाराष्ट्राहूनही लहान आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. जे काही आहे ते मेकाँग नदी. सुमारे साडेचार हजार किलोमीटर लांबीची ही नदी तिबेटच्या पठारावर उगम पावते. लाओसमध्ये तिच्या आणि नाम खान नदीच्या संगमावर लुआंग प्रबांग हे जुने राजधानीचे गाव वसलेले आहे. १९९५ साली त्याला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. १५६० च्या सुमारास बांधलेले वाट शिएंग थोंग हे तेथील प्रसिद्ध मंदिर. त्याची छपरे पाखराने पिलांवर पंख पसरावेत तशी जमिनीपर्यंत उतरलेली आहेत. थायलंडच्या सीमेवरील हुए साय गावाहून लाकडी नावेत बसले, की दोन दिवसांनी लुआंग प्रबांग येते. रात्रीचा मुक्काम वाटेत पाकबेंग येथे. शहराच्या वरच्या अंगाला पाक ऊ येथे नदीकाठच्या कड्यात गुहा आहेत. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आणून ठेवलेल्या हजारो बुद्धमूर्ती तेथे उभ्या आहेत.

हा देश शांत म्हणून ओळखला जातो. पण ती शांतता स्वस्तात मिळालेली नाही. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या विमानांनी या लहानशा देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातले न फुटलेले बॉम्ब आजही शेतात सापडतात आणि माणसे जायबंदी होतात. अशा जमिनीवर भात पिकवून त्यातला पहिला घास भिक्षूला देणारे हे लोक आहेत, हे ध्यानात ठेवावे.

माझे अडले ते एका शब्दापाशी. लाओसमध्ये पावसाळ्यात ‘खाओ फान्सा’ नावाचा सण येतो. त्या दिवसापासून तीन महिने भिक्षू आपला विहार सोडून मुक्कामाला कोठे जात नाहीत. ऑक्टोबरच्या पौर्णिमेच्या सुमारास ‘ओक फान्सा’ होतो. त्या वेळी लोक बांबूच्या आणि केळीच्या नावा करून, त्यांत दिवे लावून मेकाँगमध्ये सोडतात. सरांनी फळ्यावर लिहून दाखवले, की ‘फान्सा’ म्हणजे दुसरे काही नसून आपला ‘वर्षा’ हा शब्द. खाओ फान्सा म्हणजे वर्षावासाचा आरंभ, ओक फान्सा म्हणजे त्याची समाप्ती.

वर्षावासाची कथा अशी. भगवान बुद्धांचे भिक्षू मूळचे फिरते. आज या गावी, उद्या त्या गावी. परंतु पावसाळ्यात ते फिरू लागले म्हणजे कोवळी पिके आणि लहान जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा पावसाचे तीन महिने एका जागी राहावे, असा नियम झाला. आता एका जागी राहायचे म्हणजे छप्पर हवे. त्या छपरातून विहार उभे राहिले आणि आपल्या सह्याद्रीत तर ते दगडातच कोरले गेले. आपण ज्याला लेणी म्हणतो ती मुळात पावसाळ्याची घरे होत.

हे ऐकताना मला आमच्या घराची आठवण झाली. आमचेही तसेच आहे. पावसाळाभर आम्ही दिंद्रुडला असतो. पाऊस सरला की टोळी निघते. सहा महिने परमुलुखात, पाचटाच्या कोपीत. आमचाही वर्षावासच म्हणायचा! सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला हे सांगितले. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतले आणि म्हणाली, “मंग त्या भिक्षूंला बी पावसाळ्यातच घर व्हतं म्हण की.”

तेव्हापासून मी आपला मुलुख नव्या नजरेने पाहू लागलो. मराठवाडा म्हटले की दुष्काळ, असे आपण ऐकत आलो. पण एकेकाळी हाच प्रदेश नद्यांच्या काठाने वसलेला बौद्ध मुलुख होता. सुत्तनिपात या प्राचीन पाली ग्रंथात बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. हा बावरी गोदावरीच्या काठी अस्सक देशात राहत असे. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीला पाठवले. त्यांच्या वाटेतील गावांची यादीच ग्रंथात दिली आहे आणि त्यात पहिले नाव आहे पतिट्ठान, म्हणजे आपले पैठण! तेथून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती असे करीत ते मगधात पोचले. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाचे मराठी भाषांतर केलेले आहे. ते मित्रांनी अवश्य वाचावे. आमच्या भागातील सिंदफणा मंजरथला ज्या गोदावरीला मिळते, त्याच गोदावरीच्या काठची ही गोष्ट आहे.

पुढे सम्राट अशोकाच्या काळी निरनिराळ्या देशांत धर्मोपदेशक पाठवले गेले. सिंहली ग्रंथ महावंसात त्यांची नावे आहेत. महाधम्मरक्खित हे महारट्ठात, म्हणजे महाराष्ट्रात आले आणि सोण व उत्तर हे सुवण्णभूमीला, म्हणजे ब्रह्मदेश-सयामच्या बाजूला गेले. एकाच यादीत आपला देश आणि तो पूर्वेकडचा प्रदेश शेजारी बसावेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

आता लेण्यांकडे वळू. गेल्या वर्षी महाविद्यालयाची सहल अजिंठ्याला गेली होती. वाघोरा नदीने घेतलेल्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, काळ्या कातळात सुमारे तीस लेणी एका ओळीत आहेत. आज आपण एका सलग वाटेने सर्व लेण्यांतून फिरतो. पूर्वी मात्र प्रत्येक लेण्यातून खाली नदीपर्यंत स्वतंत्र पायऱ्या उतरत होत्या. म्हणजे लेण्याचा खरा दरवाजा नदीकडे होता. पाणी नदीचे, भिक्षा गावाची आणि छप्पर डोंगराचे, अशी ती व्यवस्था.

लेण्यांचे प्रकार मुख्यतः दोन. स्तूप असलेले ते चैत्यगृह, तेथे वंदना होई; मध्ये चौक आणि भोवती खोल्या असलेला तो विहार, तेथे भिक्षू राहत. अजिंठ्याला ९, १०, १९, २६ आणि २९ ही चैत्यगृहे, बाकीचे विहार. घर बांधताना आपण पायापासून वर जातो. लेणे मात्र वरून खाली कोरत आणतात. छत आधी आणि जमीन शेवटी, त्यामुळे पराती बांधाव्या लागत नाहीत. चुकलेला घाव मात्र परत भरून काढता येत नाही. खडकात पाण्याची टाकी खोदत, त्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. अजिंठ्याची पहिली लेणी सातवाहनांच्या काळातली, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली. दुसरा मोठा बहर पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी आला.

ही कामे राजांनी केली असे आपण समजतो. शिलालेख निराळेच सांगतात. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला एका खांबावर लिहिले आहे, की हा खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याचे, म्हणजे अत्तर विकणाऱ्याचे दान आहे. तेथेच सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती कोणी घडवली तेही कोरले आहे: कण्हदास सोनार. कुड्याच्या लेण्यात माळ्याचे दान आहे. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. कोणी एक खांब, कोणी एक टाके, कोणी एक खोली, अशा वर्गणीतून हे डोंगर घडले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोनाराचे नाव आज मला ठाऊक आहे, पण माझ्या आजोबांच्या बापाचे नाव मात्र आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताचा लेख मला सर्वांत अधिक आवडतो. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील दोन हजारांवर दरमहा दरशेकडा एक आणि एक हजारावर पाऊण असे व्याज. आता हिशेब करा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी वर्षाला प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, बरोबर दोनशे चाळीस! मुद्दलाला हात लागत नाही, विणकराला भांडवल मिळते आणि भिक्षूला वस्त्र. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा मुकादमाच्या वहीची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. तेथे आमचे वडील दसऱ्यापूर्वी उचल घेतात आणि ती फिटता फिटता पुढची उचल येऊन उभी राहते.

त्याच उषवदाताने आणखी एक पुण्य केले. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावा चालवल्या. प्रवाशाने नदी ओलांडावी आणि त्याला उतराई द्यावी लागू नये! लाओसची नाव आणि आपली लेणी यांचा मेळ मला येथे बसला. नदी, नाव, वाटसरू आणि काठावरचा विहार हे चित्र मेकाँगचे आहे. तसेच ते आपलेही होते. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी प्रवासी महाराष्ट्रात आला, तेव्हा येथे सुमारे शंभर विहार आणि पाच हजार भिक्षू असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

पुढे राजाश्रय आणि दाते दुसरीकडे वळले. लेणी ओस पडली, लिपी विसरली गेली आणि पांडवांनी एका रात्रीत डोंगर कोरला असे लोक सांगू लागले. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला असता अजिंठा पुन्हा जगासमोर आला. त्याने तेथे एका खांबावर आपले नाव खरडून ठेवले आहे. विसरलेला धम्म मात्र परत आणला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५० साली ते सिंहलला आणि १९५४ साली ब्रह्मदेशला गेले, तेथील बौद्ध समाज त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह दीक्षा घेतली.

मी सात-आठ वर्षांचा असताना आमची टोळी जुन्नरच्या बाजूला उतरली होती. कोपीच्या दारातून समोर डोंगर दिसे आणि डोंगराला ओळीने काळी भोके. “ती कशाची?” असे मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, “आसतील वटवाघळाची. चल, मोळ्या बांधू लाग.” ती लेणी होती, हे मला यंदा कळले. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. महाराष्ट्रात एका ठिकाणी एवढी दुसरीकडे नाहीत. एक हंगामभर आम्ही त्यांच्या समोर राहिलो आणि आम्हाला कोणी सांगितले नाही. वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. वाचता येणाऱ्यांनी सांगायचे असते आणि आमच्यात वाचणारे कोणी नव्हते.

हा लेख मी लिहीत आहे तेव्हा पाऊस सरत आला आहे. आईचा गुडघा गेल्या हंगामापासून दुखतो. ती यंदा वाकू शकणार नाही. कोयता जोडीचा असतो, एकट्याला उचल मिळत नाही. तेव्हा वडिलांच्या जोडीला कोण, असा प्रश्न आमच्या घरात आहे. वडील तोंडाने काही म्हणत नाहीत. परवा मी त्यांना कण्हदासाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “त्यानं नाव कोरलं म्हणून कळलं. तू परीक्षा दे. मंग बघू.”

‘मंग’ म्हणजे केव्हा, हे मी त्यांना विचारलेले नाही. लाओसला या महिन्यात नदीत दिवे सोडतील, भिक्षू विहाराबाहेर पडतील. आमच्या गावातूनही ट्रॉल्या निघतील. त्यांतल्या एखादीत कदाचित मीही असेन. पण त्या वाटेवर कोठे डोंगरात काळी भोके दिसली आणि शेजारच्या पोराने ती कशाची म्हणून विचारले, तर त्याला वटवाघळांचे नाव सांगणार नाही, एवढे मात्र नक्की.

— बी. ए. द्वितीय वर्ष, दिंद्रुड