पऱ्हाटीचा कोळसा आणि पाण्यातील धातू

पाणी उकळून प्यावे, हा उपदेश खेड्यापाड्यांत आता चांगलाच रुजला आहे. उकळल्याने रोगजंतू मरतात. परंतु शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू त्याने जात नाहीत. उलट, पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाध येतो, आणि पाणी मात्र डोळ्यांना निर्मळच दिसते.

हे धातू अडवून धरण्याचे एक साधन शेतातील टाकाऊ पदार्थांतच आहे. पऱ्हाटी, भाताचा तूस, नारळाच्या करवंट्या इत्यादी पदार्थ बंद भट्टीत, हवा जवळजवळ लागू न देता, साधारणतः ३०० ते ७०० अंश सेल्सियसवर तापविले म्हणजे जो कोळसा उरतो, त्यास ‘बायोचार’ अथवा जैवकोळसा म्हणतात. विदर्भात कापसाच्या वेचणीनंतर पऱ्हाटी पुष्कळदा शेतातच पेटवून दिली जाते. त्यातून हाती राखेवाचून फारसे काही लागत नाही. भट्टीतील कोळशाच्या अंगी मात्र असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट शिसे व कॅडमियम यांचे धनभारित कण धरून ठेवतात. कोळशातील फॉस्फेट व कार्बोनेट यांच्याशी संयोग होऊन शिशाचा न विरघळणारा साकाही बनतो.

सर्वच धातू असे सहज हाती लागत नाहीत. कानपूरजवळील रनिया येथे कारखान्यांच्या कचऱ्यामुळे भूजलात उतरलेले षट्संयुजी क्रोमियम, तसेच आर्सेनिक, हे पाण्यात बहुधा ऋणभारित रूपात असतात. साधा कोळसा त्यांना फारसा धरत नाही. आर्सेनिकासाठी कोळशावर लोहाच्या संयुगांचा लेप द्यावा लागतो. तेव्हा पाण्यात कोणता धातू आहे याची तपासणी आधी, कोळसा नंतर.

गावपातळीवर ही पद्धत अद्याप रूढ झालेली नाही. ती स्वीकारण्यापूर्वी ग्रामपंचायतीने वापरलेल्या कोळशाचा विचार अवश्य करावा. कोळसा धातूचा नाश करीत नाही. तो धातू केवळ पाण्यातून कोळशात येतो. जमिनीचा कस वाढविण्यासाठी जैवकोळसा शेतात घालतात, हे शेतकऱ्यांच्या कानी आलेले असते. त्यामुळे गाळणीतील जुना कोळसाही शेतात टाकला जाण्याचा धोका खरा आहे. असा कोळसा खतात मिसळू नये, चुलीत जाळू नये. तो वेगळा साठवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्यानेच त्याची विल्हेवाट लावावी. तो केव्हा बदलावा, हे त्याच्या रंगावरून कळत नाही. गाळणीतून उतरणारे पाणी ठराविक मुदतीने प्रयोगशाळेत पाठवावे लागते.