रस्त्याला शिपायाचे नाव

वाचकहो, तालुक्याच्या बाजाराला जाताना रस्त्याकडेच्या पाट्या तुम्ही वाचता का? मोठ्या रस्त्यांना बहुधा मोठ्या पुढाऱ्यांची नावे असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला यशवंतराव चव्हाणांचे नाव आहे, समृद्धी महामार्गाला बाळासाहेब ठाकरे यांचे. त्यात गैर काही नाही. पण रात्रीच्या बंदोबस्तावर जीव गमावलेल्या साध्या पोलीस शिपायाचे नाव महामार्गाला दिलेले तुम्ही कधी पाहिले आहे का?

अमेरिकेतील चाल

अमेरिकेत ही चाल चांगली रुजली आहे. तेथील कॅलिफोर्निया राज्यात महामार्गांवर गस्त घालणारे पोलिसांचे वेगळे दल आहे. एप्रिल १९७० मध्ये न्यूहॉल येथे एका संशयित मोटारीच्या मागावर असलेल्या या दलाच्या चार जवानांना दोघा गुंडांनी गोळ्या घालून ठार केले. पाच मिनिटांच्या आत सारे संपले. चौघेही २३-२४ वर्षांचे. तेथून जाणाऱ्या महामार्गाच्या एका टप्प्याला पुढे त्यांची नावे देण्यात आली.

अशा नावासाठी तेथील विधिमंडळ ठराव करते. पाटीचा खर्च मात्र सरकारी तिजोरीतून होत नाही, तो देणगीतून भागवावा लागतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या घटनेनंतर संशयित मोटार कशी अडवावी, याचे शिक्षणच त्या दलाने सुधारले. चौघांच्या मरणातून पुढच्या पोरांचे जीव वाचवण्याची शिकवण घेतली गेली.

केडंब्याचे तुकाराम ओंबळे

आपल्याकडे अशी माणसे नाहीत असे थोडेच आहे? सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातले केडंबे हे डोंगराळ भागातले गाव. तेथील तुकाराम ओंबळे आधी लष्करात होते, मग मुंबई पोलिसांत आले आणि सहायक फौजदार झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती. अतिरेक्यांची मोटार तेथे अडवली गेली, तेव्हा ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरली ती सोडली नाही. गोळ्या त्यांच्या अंगात शिरल्या, पण तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. तो जिवंत सापडला म्हणूनच हल्ल्याचा कट कोठे शिजला, हे जगापुढे आले.

ओंबळे यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी आपल्याच राज्यात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. केडंब्यातील स्मारकासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये साडेतेरा कोटींच्या आसपास रक्कम मंजूर केली.

तुमच्या गावात काय करता येईल?

असे नाव द्यायला मंत्र्यांचीच वाट पाहावी लागते असे नाही. तुमच्या गावचा कोणी पोलीस कर्तव्यावर असताना गेला असेल, तर गावातील रस्त्याला त्याचे नाव देण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. गावाला जोडणारे ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. अशा रस्त्यासाठी गावाचा ठराव त्या त्या कचेरीकडे पाठवावा आणि पाठपुरावा करावा.

पाटीवर नुसते नाव नको. तो कोण होता, कोठे नेमणुकीला होता, कोणत्या साली आणि कशासाठी गेला, हे दोन ओळींत लिहा. नाहीतर वीस वर्षांनी गावचीच पोरे विचारतील, हे कोण गृहस्थ?

वर्षातून एक दिवसही ठरवा. २१ ऑक्टोबर हा देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलीस पडले. त्या दिवशी शाळेच्या मुलांनी पाटीभोवतीचे गवत काढावे, गुरुजींनी ती हकीकत सांगावी.

मात्र या सगळ्याआधी एक काम आहे. ज्याचे नाव द्यायचे, त्याच्या घरी आधी जा. त्याच्या आईला, बायकोला नाव चालेल का ते विचारा. निवृत्तिवेतनाचे कागद कोठे अडले आहेत का, पोरांच्या शाळेची फी भरली का, मृगाच्या पावसावर त्या घरची पेरणी झाली का, याची चौकशी करा. औत नसेल तर चार घरांनी मिळून त्यांचे रान पेरून द्या. पाटी झळकते आहे आणि पाटीवरच्या माणसाचे रान पडीक आहे, असे तुमच्या गावात होऊ देऊ नका.