अमेरिकेतील किमान वेतन व अतिकालिक वेतनविषयक सूट

अमेरिकेतील किमान वेतन व अतिकालिक वेतनविषयक सूट म्हणजे ठरावीक प्रकारच्या कर्मचाऱ्यांना किमान वेतन किंवा जादा तासांचे वाढीव वेतन देण्याच्या बंधनातून मालकांना कायद्याने दिलेली मोकळीक होय. 'सूट' हा शब्द मालकाच्या बंधनाला उद्देशून आहे. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ कायद्याच्या संरक्षणातून वगळले जाणे असा होतो. अशा तरतुदी संघीय कायद्यात आहेत, तशाच अनेक राज्यांच्या कायद्यांतही आहेत. मात्र दोहोंचे निकष एकसारखे नाहीत. त्यामुळे तेच काम त्याच पगारावर करणारा कर्मचारी एका राज्यात अतिकालिक वेतनास पात्र ठरतो, तर दुसऱ्या राज्यात ठरत नाही.

संघीय कायदा

या विषयावरील मूळ संघीय कायदा म्हणजे फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यावर २५ जून १९३८ रोजी स्वाक्षरी केली. आरंभी किमान वेतन ताशी २५ सेंट होते. २४ जुलै २००९ पासून ते ताशी ७.२५ डॉलर आहे. आठवड्यात ४० तासांहून अधिक काम झाल्यास जादा तासांसाठी नियमित दराच्या दीडपट वेतन द्यावे लागते.

कायद्याच्या कलम १३ मध्ये सूट मिळणाऱ्या वर्गांची यादी आहे. व्यवस्थापकीय, प्रशासकीय व व्यावसायिक तज्ज्ञ कर्मचारी हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा गट होय. त्यासाठी सामान्यतः तीन कसोट्या लावल्या जातात: पगार कामाच्या तासांवर अवलंबून नसून निश्चित असावा, तो ठरावीक रकमेपेक्षा कमी नसावा, आणि कामाचे प्रत्यक्ष स्वरूप नियमांत वर्णिल्याप्रमाणे असावे. केवळ पदनाम 'मॅनेजर' असल्याने सूट लागू होत नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक व बाहेर फिरून विक्री करणारे प्रतिनिधी यांना संघीय कायद्यात पगाराची कसोटी लागू नाही.

पगाराची ही मर्यादा १ जानेवारी २०२० पासून आठवड्याला ६८४ डॉलर, म्हणजे वर्षाला ३५,५६८ डॉलर झाली. ती टप्प्याटप्प्याने वाढवणारा २०२४ चा नियम टेक्सासमधील संघीय जिल्हा न्यायालयाने १५ नोव्हेंबर २०२४ रोजी रद्द केला आणि ६८४ डॉलरची मर्यादा पुन्हा लागू झाली.

दोन कायद्यांचा परस्परसंबंध

संघीय कायद्याच्या कलम १८ नुसार राज्यांना अधिक कडक नियम करण्याची मुभा आहे. संघीय कायदा हा किमान पाया असून दोन्ही कायदे एकाच वेळी लागू असतात. त्यांत फरक असल्यास कर्मचाऱ्याला अधिक लाभदायक ठरणारी तरतूद पाळावी लागते. म्हणून सूट घेण्यासाठी मालकाला दोन्ही कायद्यांच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना व टेनेसी या राज्यांत स्वतंत्र किमान वेतन कायदा नाही. तेथे संघीय दरच आधारभूत असतो.

प्रमुख फरक

पगाराची मर्यादा: कॅलिफोर्नियात सूट लागू होण्यासाठी पूर्णवेळ कामाच्या हिशेबाने राज्याच्या किमान वेतनाच्या दुप्पट पगार आवश्यक असतो. २०२५ मध्ये ही रक्कम वर्षाला ६८,६४० डॉलर होती. वॉशिंग्टन राज्यात ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांसाठी त्या वर्षी ती ७७,९६८.८० डॉलर होती. न्यू यॉर्क राज्याची मर्यादा व्यवस्थापकीय व प्रशासकीय कर्मचाऱ्यांपुरतीच आहे.

कामाचे स्वरूप: संघीय नियमांत कर्मचाऱ्याचे मुख्य कर्तव्य कोणते, हे पाहिले जाते, त्यावर निम्म्याहून कमी वेळ जात असला तरी सूट लागू होऊ शकते. कॅलिफोर्नियात मात्र निम्म्याहून अधिक वेळ अशाच कामात जाणे आवश्यक आहे.

दैनिक मर्यादा: संघीय कायदा आठवड्याचे तास मोजतो. कॅलिफोर्नियात दिवसाच्या ८ तासांनंतर दीडपट व १२ तासांनंतर दुप्पट दर द्यावा लागतो.

संगणक क्षेत्र: ताशी वेतन घेणाऱ्या पात्र संगणक तज्ज्ञांसाठी संघीय मर्यादा ताशी २७.६३ डॉलर आहे. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये ती ५६.९७ डॉलर होती. भारतातून गेलेल्या कर्मचाऱ्यांनाही हेच निकष लागू होतात. व्हिसाच्या प्रकारावरून सूट ठरत नाही.

शेतमजूर: १९३८ च्या कायद्याने शेतमजुरांना किमान व अतिकालिक अशा दोन्ही वेतनांच्या तरतुदींतून वगळले होते. १९६६ च्या दुरुस्तीने मोठ्या शेतांवरील मजुरांना किमान वेतन मिळाले, परंतु संघीय अतिकालिक वेतन त्यांना अद्याप लागू नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने ही सूट क्रमाक्रमाने काढून टाकली. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दुग्धशाळेतील कामगारांबाबतची सूट राज्यघटनाविरोधी ठरवली. २०२४ पासून तेथे सर्व शेतमजुरांना ४० तासांनंतर वाढीव वेतन मिळते. न्यू यॉर्कमध्ये ही मर्यादा २०३२ पर्यंत ४० तासांवर येणार आहे.

उदाहरण

आठवड्याला ८०० डॉलर पगारावर रोज १० तास, पाच दिवस काम करणारा दुकान व्यवस्थापक घेऊ. टेक्सासमध्ये त्याचा पगार संघीय मर्यादेपेक्षा अधिक आहे; काम खरोखर व्यवस्थापकीय असल्यास त्याला जादा १० तासांचे काहीही मिळणार नाही. कॅलिफोर्नियात २०२५ च्या हिशेबाने आठवड्याला १,३२० डॉलर पगार नसल्यामुळे सूट लागू होत नाही. तेथे ८०० डॉलरना ४० ने भागून ताशी दर २० डॉलर येतो, त्याच्या दीडपट म्हणजे ३० डॉलर. १० तासांचे आठवड्याला ३०० डॉलर अधिक द्यावे लागतात.

वाद व दाद

सूट लागू असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. त्यासाठी पुराव्याचे साधे पारडे पुरेसे आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ठरवले. त्याआधी २०२३ मध्ये, दिवसाच्या दराने वर्षाला दोन लाख डॉलरहून अधिक कमावणारा तेलविहिरीवरील कर्मचारीही, निश्चित पगाराची अट पूर्ण न झाल्याने, अतिकालिक वेतनास पात्र असल्याचा निर्णय याच न्यायालयाने दिला होता. थकीत वेतनासाठी संघीय कायद्यात दोन वर्षांची, तर हेतुपुरस्सर उल्लंघन असल्यास तीन वर्षांची मुदत आहे; न्यू यॉर्कच्या कायद्यात ती सहा वर्षांची आहे.